पिवळा वर, लाल खाली

२ ऑक्टोबर

माझी पत्नी शिवम्मा गेली त्या आठवड्यात ही वही बंद केली होती. दीड वर्षानंतर आज ती पुन्हा उघडत आहे, आणि त्याला कारण दुःखाचे नसून कुतूहलाचे आहे, याचे मला स्वतःलाच बरे वाटते.

माझी मुलगी श्रीदेवी सोलापूरच्या भवानी पेठेत आमच्याच घराच्या तळमजल्यावर पाच मशीनचा शिलाई कारखाना चालवते. शाळेचे गणवेश हे तिचे मुख्य काम. जानेवारी ते जून मशीन थांबत नाहीत. त्यानंतर दिवाळीपर्यंत कोणी फिरकत नाही. यंदा तिने ठरवून टाकले आहे की दिवाळीच्या आत गणवेशाखेरीज दुसरे भरवशाचे काम मिळाले तर ठीक, नाहीतर मशीन विकून कारखान्याला कुलूप.

आज विजापूरहून विरेश नावाचे व्यापारी आले. त्यांना कर्नाटकाचे अडीच हजार झेंडे हवे आहेत: दोन फूट बाय तीन फूट, साटीनचे, अठ्ठावीस तारखेच्या आत. एक नोव्हेंबर हा त्यांच्या राज्याचा स्थापनादिन, त्यात ‘कर्नाटक’ या नावाला यंदा पन्नास वर्षे पूर्ण होत आहेत. शिवण पसंत पडली तर हे काम दरवर्षी, शिवाय जत्रांच्या पताकाही.

“अप्पा, झेंडा म्हणजे गणवेशापेक्षा सोपा,” श्रीदेवी म्हणाली. “कॉलर नाही, खिसा नाही, आणि मापाला उभं करायला रडणारं पोर नाही.”

मला मात्र तो सोपा वाटत नाही. मी एकतीस वर्षे महाविद्यालयात इतिहास शिकवला. आमच्या घरात कन्नड बोलली जाते. हा पिवळा-लाल झेंडा मी विजापूरच्या रिक्षांवर, इंडीच्या चौकात, कलबुर्गीच्या बसच्या काचेवर शेकडो वेळा पाहिला; पण तो कोणी, केव्हा आणि का केला, हे एकदाही स्वतःला विचारले नाही. उद्यापासून विचारणार आहे.

५ ऑक्टोबर

श्रीदेवीने पिवळ्या साटीनचे सात तुकडे आणून टेबलावर मांडले आणि विचारले, “यातला कर्नाटकाचा कुठला?”

हा प्रश्न मला दिवसभर पुरला. आपल्या राष्ट्रध्वजाची संहिता आहे. त्यात प्रमाण ठरलेले आहे, रंग ठरलेले आहेत, तो कसा उतरवावा हेही ठरलेले आहे. या झेंड्याला तसे काहीही नाही. ते राज्य एकोणीसशे छप्पन साली आकाराला आले. हा झेंडा त्यानंतर, साठच्या दशकात, कन्नड चळवळीतून पुढे आला. कोणत्याही कायद्याने तो दिलेला नाही. दोन हजार अठरा साली तिथल्या सरकारने मध्ये पांढरा पट्टा आणि त्यावर राजचिन्ह घालून नवा नमुना सुचवला. तो मंजुरीवाचून राहिला. म्हणजे ज्या झेंड्याचा रंग कोणीच लिहून ठेवलेला नाही, तो लाखो लोकांना नेमका ठाऊक आहे! इतिहासाच्या अभ्यासकाला यापेक्षा आनंदाची गोष्ट कोणती?

शेवटी विरेशना फोन केला. ते हसले. “हळदीचा घ्या की, सर. वर हळद, खाली कुंकू. अरिशिना-कुंकुमा. आमच्याकडे कुणालाही विचारा.”

वर हळद, खाली कुंकू! दोन लेखांत हेच आढळले. तिसऱ्या एका लेखात पिवळा म्हणजे शांतता आणि लाल म्हणजे शौर्य असे म्हटले आहे. ते मला काहीसे फिके वाटले, म्हणून बाजूला ठेवले.

७ ऑक्टोबर

काम सुरू झाले. पाच मशीनपैकी एका मशीनवर श्रीदेवी स्वतः बसते. उरलेल्या चौघींपैकी महेश्वरी आणि नागम्मा कडा दुमडतात. रंभाबाई काठी घालायचा नेफा लावते. ती मूळची करमाळ्याकडच्या केमची, तोंडाने मशीनपेक्षा वेगवान.

खरे अवघड काम जोडटिपेचे, म्हणजे पिवळा पट्टा लाल पट्ट्याला जोडण्याचे. साटीन घसरते, हात जरा ओढला गेला की सगळ्या लांबीवर चुण्या पडतात. हे काम सिद्धम्मा करते. ती अक्कलकोट तालुक्यातली, वय पन्नाशीच्या आसपास. नवरा गिरणीत होता, अकरा वर्षांपूर्वी गेला. तिची टीप पाहण्यासारखी आहे. वरचा दोरा पिवळा, बॉबिनला लाल. त्यामुळे कोणत्याही बाजूने पाहिले तरी टीप दिसत नाही.

“हे तुम्हाला कोणी शिकवले?” मी विचारले.

“कापडानं,” ती म्हणाली, आणि पुढचा पट्टा घेतला.

आज तिने दोनशे जोडले. संध्याकाळी घड्या घालून पंचवीस-पंचवीसचे गठ्ठे बांधण्याचे काम मी मागून घेतले आहे. शिवम्मा गेल्यापासून संध्याकाळी हाताला काही काम नसते.

१० ऑक्टोबर

आज चारच्या चहाला बायकांना या झेंड्याविषयी वीस मिनिटे सांगितले. (श्रीदेवीने दहा मंजूर केली होती.) माणूस ज्या वस्तूवर दिवसभर हात चालवतो तिचा अर्थ त्याला ठाऊक असावा, हे माझे जुने मत. भिंतीला नकाशा लावला. भाषावार प्रांतरचना, राज्याचे जुने नाव, नवे नाव, सगळे क्रमाने घेतले, आणि शेवटी सकाळी फिरताना तयार केलेले वाक्य उच्चारले: “घरी आलेल्या सवाष्णीला आपण जे लावतो, तेच एका प्रदेशाने आपल्या कपाळी लावून घेतले आहे.”

परिणाम माझ्या अपेक्षेपेक्षा खोल झाला. इतक्या वर्षांच्या अध्यापनात असा वर्ग क्वचित मिळाला.

“अगं बया!” रंभाबाई ओरडली. “आन् आमी त्याच्यावर चहाचे कप ठिवत हुतो की!” तिने लगेच जमिनीवरचा गठ्ठा उचलून टेबलावर ठेवला. महेश्वरीने सगळ्यांच्या चपला उंबऱ्याबाहेर नेल्या. नागम्माने झेंडा डोळ्यांना लावला.

सिद्धम्माने एकटीने प्रश्न विचारले, आणि विद्यार्थ्याची पारख प्रश्नावरून होते. “सर, म्हंजे ही हळद, आन् हे कुंकू?”

“निःसंशय.”

“कुणी ठरिवलं?”

“लोकांनी,” मी म्हणालो. तिने मान हलवली, उरलेला चहा संपवला, कप धुतला आणि मशीनवर बसली. दोन्ही पट्टे दाबाखाली धरूनही मशीन बराच वेळ सुरू झाली नाही. दोरा तुटला असावा.

११ ऑक्टोबर

सकाळी एक छोटा समारंभ झाला. नागम्माने घरून करंडा आणला, पहिल्या गठ्ठ्याला नमस्कार केला आणि सगळ्यांना कुंकू लावले. माझ्या व्याख्यानातून एक प्रथा जन्माला येताना पाहत होतो! सिद्धम्मा त्या वेळी पाणी प्यायला मागे गेली होती, त्यामुळे तिचे राहिले.

नंतर तिने श्रीदेवीकडे नेफ्याचे काम मागितले. नेफ्याची पट्टी पांढरी असते. म्हणाली, “डोळं चुरचुरत्यात. रंगाकडं बगवत न्हाय.” जोडटीप रंभाबाईकडे दिली. सिद्धम्माला मी सात रस्त्याजवळच्या नेत्रतज्ज्ञाचा पत्ता लिहून दिला. तिने तो नीट घडी घालून कनवटीला लावला.

१३ ऑक्टोबर

सिद्धम्मा दोन दिवस आलेली नाही. जोड दिवसाला दोनशेवरून पासष्टवर आले आहेत आणि त्यातही चुण्या. रंभाबाई मशीनशी भांडते: “तुज्या मायला, सरळ चाल की गं!”

संध्याकाळी श्रीदेवी सिद्धम्माच्या घरी जाऊन आली. “डोळे म्हणते,” एवढेच बोलली. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, “अप्पा, तुम्ही परवा या बायकांना नेमकं काय सांगितलंत?” ती त्या वेळी साटीन आणायला गेली होती. मी सगळे व्याख्यान थोडक्यात सांगितले. सवाष्णीचे वाक्य आले तेव्हा तिने कपाळावर हात ठेवला. त्या वाक्याचा तिच्यावरही परिणाम झालेला दिसला.

“काय झाले?”

“काही नाही. जाऊ दे.” ती खाली जाऊन रंभाबाईला बाजूला घेऊन बराच वेळ बोलत राहिली.

१४ ऑक्टोबर

मला कारण सापडले आहे. बुधवारी एक तरुण दारात थांबून विचारत होता, “काकू, हे झेंडे हितं शिवता? सोलापुरात?” तेव्हा लक्षात आले नाही, आता सगळे जुळते. सीमाप्रश्न! बेळगावकडचे मराठी लोक एक नोव्हेंबरला काळा दिवस पाळतात. आमच्या दक्षिणेकडच्या गावांवर पलीकडून हक्क सांगितला जातो. सिद्धम्मा नेमकी त्याच गावांकडची. कोणीतरी तिला अडवले असणार, किंवा तिच्याच मनात निष्ठेचा प्रश्न उभा राहिला असणार, आणि ती डोळ्यांचे निमित्त करत आहे.

यावर एकच उपाय असतो, तो म्हणजे माहिती. दुपारी बसून नऊ पानांचे टिपण तयार केले.

१६ ऑक्टोबर

काल घटस्थापनेची सुट्टी. आज चहाला टिपण वाचले. पाचव्या पानावर रंभाबाई मध्येच म्हणाली, “सर, बेळगावचं काय आसंल ते आसू दे. पर सिद्धम्माक्काचं त्यात काय न्हाय.”

“मग कशात आहे?”

तिने तोंड उघडले. नागम्माने तिला कोपरखळी मारली.

“काय न्हाय, सर,” रंभाबाई म्हणाली. “लई चांगलं वाचता तुमी.”

उरलेली चार पाने वाचली. सर्वांनी शांतपणे ऐकली. टिपण पटले असे म्हणायला हरकत नाही. तरीही जोड सत्तरच झाले.

१७ ऑक्टोबर

वाईट दिवस. विरेश पाहणीला आले. त्यांनी झेंडा उजेडात धरला आणि म्हणाले, “सर, ही शिवण आहे की बालाघाटचे डोंगर?” दोनशे चाळीस झेंडे बाजूला काढले. मग पहिल्या गठ्ठ्यातला एक हातात घेऊन त्यावरून अंगठा फिरवला. “हे पहिले सहाशे कुणी केले? त्यांनाच बसवा. अठ्ठावीसला असेच अडीच हजार नसतील, तर मला इचलकरंजीला जावं लागेल.”

ते गेल्यावर श्रीदेवी रिकाम्या मशीनसमोर बसून राहिली. त्या मशीनवर तिचे पहिले गणवेश सिद्धम्मानेच शिवले होते, नऊ वर्षांपूर्वी.

“मी दोनदा जाऊन आले,” ती म्हणाली. “मला ती ‘डोळे’ सांगते. उद्या तुम्ही जा, अप्पा. तुम्हीच जा. आणि ती नऊ पानं नेऊ नका.”

टिपण नेणार नाही. डोळ्यांत घालायचे थेंब मात्र घेऊन ठेवले आहेत.

१८ ऑक्टोबर

जसे घडले तसे लिहितो.

सिद्धम्मा दारातच बसली होती, गोधडीला ठिगळ लावत. मी थेंबांची बाटली पुढे केली. तिने ती घेतली, बाजूला ठेवली, आणि सुईतला दोरा संपला होता म्हणून नवा ओवला. चष्मा नाही, ऊन पाठीमागे, आणि एकाच प्रयत्नात. मी पाहत होतो हे तिला कळले. तीही हसली नाही, मीही नाही.

“तुमचे डोळे बरे आहेत,” मी म्हणालो.

“व्हय की.”

“मग कोणी काही बोलले का? झेंडा त्या राज्याचा आहे म्हणून?”

“झेंडा कुणाचा का आसंना, सर. माजं माहेर तिकडं, सासर हिकडं. मी काय दोन्ही बाजूनं फाटू?”

“मग?”

तिने चार टाके घातले. “कुणी काय बोललं न्हाय. तुमी बोललात की.”

“मी?”

“तीन दिस मी कापड शिवत हुते. पिवळं कापड, लाल कापड. तुमी आलात आन् त्याचं हळदीकुंकू केलंत.”

मला अजूनही उमगले नव्हते, हे इथे नोंदवले पाहिजे. मी म्हणालो, “ते तर मांगल्याचे…” आणि तिथे थांबलो. तिच्या कपाळाकडे पहिल्यांदा पाहिले. नऊ वर्षे ती माझ्या घरात येते.

“अकरा वर्षं झाली,” ती म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती. मी वर्गात सन सांगावा तशी सांगत होती. “हळदीकुंकवाला मला कोण बोलवत न्हाय, मी जात न्हाय. भांडान न्हाय. पर मशीनवर आसलं काय नव्हतं बगा. शाळंचा डरेस. निळी चड्डी, पांढरा सदरा. निळ्याला कोण काय म्हनतंय? दिसभर तितं मी नुसती टीप हुते.”

तिने दोरा तोडला.

“शिवम्माक्का गेल्या. तुमी रोज सांच्याला त्याच झेंड्यांच्या घड्या घालता. तुमाला कुणी बगितलं का तसं?”

“नाही.”

“मला बगितलं.”

आमच्या लिंगायत धर्मविचारात हा भेद मुळातच नाकारलेला आहे. यावर मी एकतीस वर्षे दरवर्षी एक तास घेत आलो आहे. परीक्षेत त्यावर दहा गुणांचा प्रश्न असे. ते तिला सांगावेसे वाटले. सांगितले नाही. उठताना तिने थेंबांची बाटली परत माझ्या हातात दिली. “दुकानात घ्येतील माघारी. फोडली न्हाय.”

१९ ऑक्टोबर

सकाळपासून माझे पुरावे तपासत बसलो. मी ‘निःसंशय’ म्हणालो होतो. कशाच्या आधारावर? एका व्यापाऱ्याचा फोन, आणि एकमेकांवरून उतरवलेले दोन लेख. झेंडा करणाऱ्यांचे स्वतःचे शब्द मी पाहिलेले नाहीत. तिसरा लेख, शांतता आणि शौर्याचा, मी केवळ फिका वाटला म्हणून बाजूला ठेवला. एखाद्या विद्यार्थ्याने असा निबंध लिहिला असता तर मी समासात लाल रेघ ओढली असती. लोक हळदकुंकू म्हणतात, हे खरे आहे. पण ‘लोक म्हणतात’ आणि ‘आहे’ यांतले अंतर शिकवणे हाच तर माझा व्यवसाय होता.

चहाच्या वेळी बायकांसमोर उभा राहिलो आणि म्हणालो, “त्या दिवशी मी जे सांगितले ते मला तितके नक्की ठाऊक नाही. दुसरेही अर्थ सांगतात. माझी चूक झाली.”

रंभाबाई म्हणाली, “मंग सर, आता चपला आत आनायच्या का?”

महेश्वरीला हसू आवरेना. मी म्हणालो, “आणा.”

“तसं न्हवं सर,” रंभाबाई मान हलवत म्हणाली. “तुमी न्हाय म्हनलात म्हनून हळद पिवळी ऱ्हायची थांबती व्हय? एकदा दिसलं ते दिसलं.”

मी खाली बसलो. अर्थ सांगणे किती सोपे असते, आणि तो परत मागणे किती अशक्य! मी सांगण्याआधी तो त्या कापडात होता का? हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही.

निघताना रंभाबाई माझ्याजवळ आली. तिचा आवाज नेहमीपेक्षा खाली होता. “सर, ते बगणं माजं हुतं. तुमी कुंकू म्हनलात आन् माजी नजर तिच्या हाताकडं गेली. मुद्दाम न्हाय. पर गेली. तिनं बगितली. तेवढंच झालं.”

“मग आता?”

“आता काय. तोंडानं काय हुनार न्हाय तिच्याम्होरं.”

२० ऑक्टोबर

रंभाबाईने बाद झालेले दोनशे चाळीस झेंडे जुन्या चादरीत बांधले, गाठोडे रिक्षात टाकले आणि एकटीच गेली. तीन तासांनी परत आली. काय झाले ते तिच्याच तोंडून:

“गेले आन् तिच्या म्होरं गाठोडं सोडलं. म्हनलं, अक्का, बग, ही माजी टीप. साप गेल्यावानी गेली हाय. तर बगंना. गोधडीत तोंड घालून बसली. मी एक झेंडा पसरला. कानाडोळा केला. दुसरा पसरला. तिसऱ्याला म्हनाली, ‘रंभे, तान कुटं धरला हुता? तंगड्यात?’ म्हनलं, मला काय कळतंय, मी नेफेवाली. मग म्हनाली, ‘ब्लेड आन.’ बसली की उसवायला! मी पन बसले. वीसेक उसवले, बाकीचे तिनं ठिवून घ्येतले. एक शबूद बोलली न्हाय दुसरा.”

“तुम्ही माफी मागितली का?” मी विचारले.

रंभाबाईने माझ्याकडे असे पाहिले की जणू मी विचारू नये ते विचारले आहे. “उसवत हुते न्हवं दोगी?”

२१ ऑक्टोबर

नऊ वाजता सिद्धम्मा आली. डोक्यावर गाठोडे. सगळे दोनशे चाळीस उसवलेले, पिवळे वेगळे, लाल वेगळे, कापडाला कुठे खोच नाही. नागम्माने करंडा कोनाड्यातून काढून पिशवीत टाकला, सिद्धम्माने ते पाहिले आणि म्हणाली, “ऱ्हाऊ दे की गं तितं. मला काय चावतंय?”

मग मशीनचे चाक दोनदा हाताने फिरवून पाहिले. “कुणी बसलं हुतं हिच्यावर? तान बिगडवून ठिवलाय.”

“मीच की,” रंभाबाई म्हणाली. “अजून मार दोन शिव्या.”

“शिव्या फुकट जातील. तू नेफा शिव.”

मी घड्यांच्या टेबलाशी उभा होतो. माझ्याकडे न पाहता ती म्हणाली, “सर, आज काय सांगायचं आसंल तर सांच्याला सांगा. आयकताना हात चालत न्हाय.”

आज दोनशे तीस जोड. उद्या रविवार असूनही सगळ्या येणार आहेत.

२३ ऑक्टोबर

खंडेनवमी. सकाळी मशीन पुसल्या, झेंडूच्या माळा घातल्या. श्रीदेवीने तबक तयार केले: हळद, कुंकू, अक्षता, निरांजन. दरवर्षी ती एकेका मशीनला हळदकुंकू लावत जाते. दरवर्षी सिद्धम्माच्या मशीनलाही तीच लावत असे, आणि त्या वेळी सिद्धम्मा कुठे असे, हे मला काही केल्या आठवत नाही.

आज श्रीदेवी तबक घेऊन थेट सिद्धम्मापाशी गेली. तिने ते पुढे धरले आणि म्हणाली, “अक्का, आज तुम्ही लावा. सगळ्या मशीनना.”

बाकीच्या मशीन थांबल्या. रंभाबाई खाली बघत होती. मला त्या क्षणी बरेच काही बोलावेसे वाटले. ओठ घट्ट मिटून घेतले.

सिद्धम्माने हातातली जोडटीप आधी शेवटपर्यंत नेली. दोरा तोडला. मग तबकाकडे पाहिले, आणि एकदम ताडकन उभी राहिली.

“अगं काय करतीस! आत कशाला आनलंस हे? उघडं कुंकू! पंखा चालू हाय वर! हजारभर झेंडे जायचे हायत अजून. पिवळ्यावर कुंकवाचा डाग पडला तर कुणाचा बाप काडनार हाय? साटीन हाय ते!”

श्रीदेवी तबक घेऊन गोठल्यासारखी उभी.

“ने की भाईर! पयला पंखा बंद कर. महेश्वरी, गठ्ठे झाक. ती चादर घाल वरनं. रंभे, हात धू आदी, कुंकवाचा हात हाय तुजा, दिसतोय मला हितनं!”

रंभाबाईने स्वतःच्या बोटांकडे पाहिले. ती घरून पूजा करून आली होती. बोटे लाल होती. ती हसू लागली. मग महेश्वरी, मग नागम्मा, आणि शेवटी श्रीदेवी, तबक हातात सावरत. सिद्धम्माला हसू आले नाही. ती पिवळ्या गठ्ठ्यावर वाकून कुठे डाग पडला आहे का ते पाहत होती. तबक उंबऱ्याबाहेर गेले. मशीनची पूजा या वर्षी फुलांवर झाली. रंभाबाई नळावर साबण लावून कोपरापर्यंत हात धूत होती आणि सिद्धम्मा आतून ओरडत होती, “नखं! नखं बग!”

आज इतकेच लिहितो.

२८ ऑक्टोबर

अडीच हजार पूर्ण. टेम्पो अकराला लागला. विरेशनी वाटेल त्या गठ्ठ्यातून झेंडे ओढून, उजेडात धरून पाहिले, आणि पुढच्या वर्षीची तारीख श्रीदेवीच्या कॅलेंडरवर स्वतः लिहिली. मार्चमधल्या एका जत्रेच्या पताकाही तिला सांगितल्या. तिने माझ्याकडे पाहिले नाही. आत जाऊन पाचव्या मशीनला तेल घालू लागली. ती फार आनंदात असली की असेच करते.

निघताना विरेश म्हणाले, “सर, एक काम आहे. प्रत्येक गठ्ठ्यात एक चिठ्ठी घालायची आहे, मराठीत आणि कन्नडमध्ये. झेंड्याविषयी दोन ओळी. त्याचा अर्थ वगैरे. तुमच्याइतकं नेटकं कोण लिहिणार?”

महिन्यापूर्वी मला याहून मोठा मान वाटला नसता. पेन घेतले. ‘पिवळा वर, लाल खाली’ एवढे लिहिले. त्याबद्दल वाद नाही. दुसऱ्या ओळीपाशी थांबलो. शंभर गठ्ठे, शंभर चिठ्ठ्या. कोणत्या गावात, कोणाच्या हातात उघडतील, आणि त्या हाताकडे कोण पाहत असेल, हे मला ठाऊक नाही.

“सिद्धम्मा,” मी विचारले, “दुसऱ्या ओळीत काय लिहू?”

ती शेवटच्या गठ्ठ्याची गाठ आवळत होती. दातांत धरलेली सुतळी सोडली आणि जराही विचार न करता म्हणाली, “धुताना गार पाणी घ्या म्हनावं. गरम पान्यात रंग येकमेकांत उतरत्यात.”

विरेश हसले. मी दोन्ही भाषांत तेवढेच लिहिले.